मोबाइलमधल्या शेताची वाटणी

गेल्या वर्षीची भाऊबीज, सकाळी दहाची वेळ. वादातली रक्कम चौदा लाख साठ हजार. हजर: माझे सासरे, त्यांचे धाकटे भाऊ, पंच म्हणून गावातले एक निवृत्त तलाठी, माझी बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सासूबाई, आणि हिशेबाला मी. ठिकाण माझ्या सासरवाडीचा सोपा, म्हणजे घराची पुढची बैठकीची खोली, तालुका कडेगाव.

रकमेचा खुलासा लगेच करतो, नाहीतर कुणाचा गैरसमज व्हायचा. हे चौदा लाख रुपये नव्हते. ती मोबाइलवरच्या एका खेळातली सोन्याची नाणी होती. त्या नाण्यांनी दुकानात मिठाचा पुडासुद्धा येत नाही. पण त्या सकाळी सोप्यात जो ताण होता, तसा मी हळदीचे भाव पडल्यावरही कधी पाहिलेला नाही. आणि भाव पडलेले मी बरेचदा पाहिले आहेत, कारण सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल तोवर माझं मत ठाम होतं. ज्या कामाच्या शेवटी हाती काही शिल्लक राहत नाही, ते काम नव्हे. एवढंच मत. बायको म्हणते, "तुम्ही बातमी वाचून झाल्यावर तिच्याखाली लोकांनी केलेली भांडणं तासभर वाचता. त्यातून काय शिल्लक राहतं?" याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

तो खेळ सासऱ्यांच्या फोनमध्ये घातला तो तिनेच, आणि त्यालाही कारण होतं. सासऱ्यांना नवा फोन मिळाल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर त्यांचे रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात, दुपारी कारल्याच्या रसाचे उपाय आणि संध्याकाळी जगबुडीच्या बातम्या येत. तिथवर ठीक होतं. पण एकदा त्यांनी 'हळद लवकरच दुप्पट' असा कुठून तरी आलेला निरोप गावभर पुढे पाठवला, आणि खाली स्वतःच्या मनाने जोडलं, 'आमचे जावई याच धंद्यात आहेत.' दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाने मला फोन केला. मालकांनी मला बोलावून विचारलं, "अहो, हे मला कधी सांगणार होता?"

त्या रविवारी बायकोने वडिलांच्या फोनमध्ये शेतीचा खेळ घातला. म्हणाली, "आबांची बोटं रिकामी राहायला नकोत."

खेळ साधा होता. पडदाभर हिरवं रान, मधे लाल कौलांचं घर. बोट फिरवून गहू पेरायचा, दोन मिनिटांत कापायचा. पुढे कोंबड्या, गाई, मग ऊस आणि स्वतःची साखरेची गिरणी. पहिले तीन दिवस सासऱ्यांनी नाक मुरडलं. "लाइट जात न्हाई, मोटर जळत न्हाई, रानात डुक्कर शिरत न्हाई. हिला शेती म्हंत्यात व्हय?" चौथ्या दिवसापासून ते रमले, आणि पुढच्या महिन्यात एका सकाळी त्यांचा बायकोला फोन आला. आवाज लहान मुलासारखा. "पोरी, ऊस तोडला! टोळीची वाट बघाय लागली न्हाई, का तोडीच्या चिठ्ठीसाठी कारखान्याच्या चिठ्ठीबॉयच्या मागं फिराय लागलं न्हाई. तोडला की दाम हातात!"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, यांची घरं एकाच भिंतीला लागून आहेत. मी दोघांनाही मामा म्हणतो, म्हणून इथे थोरले मामा आणि धाकटे मामा म्हणतो. भिंतीत मधोमध एक दार आहे. वीसएक वर्षांपूर्वी मळ्याची वाटणी झाली. धाकट्यांनी नांगरताना अर्धा हात बांध कोरला असं थोरल्यांचं म्हणणं पडलं, आणि त्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. समाईक राहिली ती फक्त विहीर. तिथेही बोलायची वेळ येऊ नये म्हणून ज्याची पाण्याची पाळी संपेल त्याने बाभळीला फडकं बांधायचं, ते बघून दुसऱ्याने मोटर लावायची. माझ्या लग्नातसुद्धा दोघांनी मला वेगवेगळ्या बाजूंनी हळद लावली.

खेळ सुरू झाल्यावर महिन्याभरात धाकटे मामा समोरच्या दाराने वळसा घालून थोरल्यांच्या सोप्यात आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "दादा, गाई घेतल्यास व्हय?"

भिंतीपलीकडून त्यांना तीन दिवस हंबरणं ऐकू येत होतं. शेण दिसेना, वैरण दिसेना, माणसाने किती दिवस दम धरायचा?

थोरले मामा फोनमधून मान वर न करता म्हणाले, "घेतल्या. तीन."

"कुठं हायत?"

"ह्या काय." त्यांनी फोन पुढे केला.

धाकट्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ह्या कोपऱ्यातलं रान मोकळं का ठेवलंयस?"

झालं. सकाळची पाळी थोरल्यांची, संध्याकाळची धाकट्यांची, फोन एक, रान एक. समोरून वळसा नको म्हणून सासूबाईंनी मधल्या दाराची आपल्याकडची कडी काढली, पलीकडून त्यांच्या जावेने काढली. दसऱ्यापर्यंत दोघा भावांनी मिळून घोडे घेतले, द्राक्षाचा मांडव घातला आणि चौदा लाख साठ हजार नाणी साठवली. खऱ्या शेतीत त्यांचं एकमत फक्त विजेच्या वेळापत्रकाला शिव्या देण्यावर होतं.

मग घात झाला. थोरले मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला गेले. फोन धाकट्यांकडे. परत आल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली तसा त्यांनी पहिला तो खेळ उघडला, आणि नव्या डोळ्याला पहिली गोष्ट दिसली ती ही: रानाच्या मधोमध त्यांनी घातलेलं लाकडी कुंपण एक चौकोन पलीकडे सरकलं होतं, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ऊस होता.

"ह्यानं हितंबी बांध कोरला!"

धाकटे म्हणाले, "आरं पर दोन्हीकडचं रान आपलंच हाय की! मग कुणाचा बांध आन् कुणी कोरला?"

"बांध त्यो बांध!"

आता एकाच रानात थोरल्यांनी मधोमध कुंपण घातलंच का होतं, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, "बांधाबिगर रान उघडंबोडकं दिसतंय." त्या खेळात कुंपण शोभेसाठी असतं. ते बनवणाऱ्याने आमचा तालुका पाहिला नसावा.

कडी पुन्हा लागली. धाकट्या मामांनी विट्याहून जुना फोन विकत आणला आणि निरोप धाडला: अर्धं रान, अर्धी जनावरं, अर्धी नाणी मला तोडून द्या. म्हणून भाऊबीजेची ही बैठक.

बैठकीआधी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचा कप हातात देऊन म्हणाल्या, "जावईबापू, गाया-कोंबड्या कुणालाबी द्या. नाणी इरीत टाका. माझं एवढंच म्हणणं हाय, त्या दाराची कडी निघाली पायजे. पलीकडं माझी जाऊ भाजी चिरती, अलीकडं मी. वीस वर्सं आमी एकमेकींच्या नुसत्या इळीचा आवाज ऐकला. आता कुठं चार म्हैने बसून बोललो."

मी म्हटलं, बघतो. हिशेबाच्या माणसाकडे याहून मोठा शब्द नसतो.

बैठक सुरू झाली. तलाठी जुन्या वाटणीलाही पंच होते, त्यामुळे त्यांना आपल्या अनुभवाचा अभिमान होता. आल्याआल्या त्यांनी मोबाइलच्या व्यसनाने पिढी कशी बरबाद झाली यावर एक छोटं भाषण केलं. मधेच त्यांच्याच खिशातला फोन आपोआप चालू झाला आणि त्यातून कुणी तरी बाई ठसक्यात लावणी म्हणू लागली. त्यांनी खिशावर हात दाबून भाषण पूर्ण केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सातबारा काढा."

मी खेळातलं खात्याचं पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "खातेदाराचं नाव कुणाचं हाय हे?"

नाव माझ्या बायकोचं होतं. खेळ तिने घातला, तेव्हा तिच्याच ईमेलवर घातला.

तलाठी मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग इषय मिटला! रान लेकीचं हाय. ही दोघं कुळं."

दोन्ही मामांची तोंडं बघण्यासारखी झाली. बायको घाईने म्हणाली, "मला नको ते रान! माझं सगळं सोडलं."

"तसं तोंडी न्हाई चालत, पोरी. हक्कसोडपत्र लागतंय."

मी म्हटलं, पुढचं ऐकून घ्या. मी त्या खेळाच्या अटी आणि नियम आदल्या दिवशी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले होते. बायको म्हणते, जगात ते पूर्ण वाचलेला मी एकटाच असेन. ते शक्य आहे. आपण 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवून सहीची जबाबदारी इतकी हलकी करून टाकली आहे की मला त्याचा त्रास होतो. तर त्या अटींत लिहिलं होतं की रान, जनावरं, नाणी, सगळं कंपनीच्या मालकीचं आहे. खेळणाऱ्याला ते फक्त वापरायची परवानगी आहे, आणि ती कधीही काढून घेता येते.

धाकट्यांनी हातातला जुना फोन खाली ठेवला.

"म्हंजे आपलं न्हाईच?" धाकटे मामा थोरल्यांकडे बघून म्हणाले. भांडणानंतर पहिल्यांदाच थेट.

"मोतीबिंदू पिकंस्तवर राबलो ते कुणाच्या रानात रं मग?" थोरले म्हणाले.

"लय चाप्टर कंपनी हाय."

"तुला आधीच म्हनलं नव्हतं, दाम इतका लगीच देत्यात त्यात कायतरी गोम आसंल?"

तलाठ्यांनी इनाम जमीन, कूळकायदा, सरकारजमा असे शब्द काढले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात फोनमधून गाईंचा आवाज आला. दूध काढायची वेळ झाली होती. दोघांचे हात एकदम पुढे आले आणि दोघांनीही ते मागे घेतले. गाई तशाच हंबरत राहिल्या. शेवटी बायकोने दूध काढलं, खातेदार या नात्याने.

मग मी तोडगा सांगितला. त्या खेळात चालू रानाचे दोन तुकडे करता येत नाहीत. पण धाकट्यांना आपल्या फोनवर नवं रान काढून थोरल्यांचे शेजारी होता येतं. थोरल्यांनी खेळातल्या रस्त्याकडेच्या आपल्या दुकानात निम्मा माल एकेका नाण्याला लावायचा आणि धाकट्यांनी तो उचलायचा. फक्त सुरुवातीला धाकट्यांच्या रानात गहू आणि दोन कोंबड्या एवढंच राहील. ऊस लावायला पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतील.

"कोंबड्यांपासनं पुन्ना?" धाकटे मामा म्हणाले.

"मीबी कोंबड्यांपासनंच चढलो," थोरले म्हणाले.

शेवटचा मुद्दा नेटचा. मी सुचवलं की धाकट्यांच्या फोनवर वेगळा रिचार्ज मारावा. ते उसळलेच. "एका घरात दोन रिचार्ज कशाला?"

ते बोलून गेले आणि स्वतःच थबकले. एका घरात. सासूबाई उंबऱ्यातून उठल्या आणि न सांगता सगळ्यांपुढे चिवड्याच्या बशा ठेवून गेल्या. धाकट्यांच्या बशीत दोन करंज्या जास्त होत्या.

तलाठी म्हणाले, "मग इरीच्या पाण्यागत करा. नेट समाईक. पाळीनं घ्या."

ते दोघांनाही लगेच पटलं. थोरल्यांच्या फोनचा हॉटस्पॉट, सकाळी थोरले, संध्याकाळी धाकटे. मी सांगायचा प्रयत्न केला की दोघांनी एकाच वेळी वापरलं तरी चालतं. थोरले मामा माझी कीव करत म्हणाले, "पाव्हणं, दोन्ही पाटांना एकदम पाणी सोडलं की कुणाचीच शेवटाची सरी भिजत न्हाई." नंतर विचार केला, तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मधल्या दाराची कडी निघाली. तलाठी पंचाची फी म्हणून चिवड्याची पिशवी घेऊन गेले.

एवढ्यावर संपलं असतं. पण थंडी पडली.

थोरल्या मामांना सकाळ-संध्याकाळ पलीकडून येणारं वारं सोसेना. ते मधलं दार लोटून घ्यायला लागले. धाकट्यांच्या पाळीच्या वेळी थोरल्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला असे, आणि पलीकडे धाकटे आपल्या फोनवर नवं रान कसत असत. दार लागलं की थोड्या वेळात पलीकडून ओरड यायची, "दादा, नेट गेलं!" दार उघडलं की नेट परत यायचं. असं रोज घडू लागलं. गावात लोक सांगू लागले की नेट भिंतीतून जात नाही, दारातून जातं. मला फोनवर हे कळलं तेव्हा मी हसलो. भिंत विटांची, दार लाकडाचं. त्यात एवढा फरक पडण्याचं कारण नव्हतं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही गेलो. मी आधी स्वतः खात्री केली. दार लावून पलीकडच्या खोलीत माझा फोन त्या हॉटस्पॉटला जोडून बसलो. नेट व्यवस्थित. मी समाधानाने उठणार, तोच नेट गेलं. दार उघडलं, नेट आलं. पुन्हा लावलं, थोड्या वेळाने गेलं. मी हिशेबाचा माणूस आहे. बेरीज दोनदा सारखीच चुकली, तर आकडे बाजूला ठेवून आकडे लिहिणाऱ्याकडे बघायचं असतं.

तिसऱ्यांदा मी दार लावलं आणि समोरच्या दाराने वळसा घालून स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई फळीपाशी उभ्या होत्या. माझ्या बायकोकडून त्यांनी ते कधी तरी बघून घेतलं असणार. पडदा वरून खाली ओढला, हॉटस्पॉटच्या चित्रावर बोट टेकवलं, फोन होता तसा ठेवला आणि वळल्या. मी दारात.

त्या मुळीच दचकल्या नाहीत. "या, जावईबापू. च्या घ्या."

फोन म्हणजे नुसता कचरा, असं त्यांचं आजवरचं मत. त्यांना फोन लावता येत नाही. आलेला फोन उचलतासुद्धा येत नाही. एवढं एकच त्या शिकल्या होत्या. पलीकडे त्यांच्या जावेच्या विळीचा आवाज थांबला आणि मधलं दार उघडून ती आत आली. हातात निवडायची मेथी. दोघी खाली बसल्या. मी चहा घेतला.

तेवढ्यात थोरले मामा आले, मागून धाकटे. थोरल्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "पाव्हणं, तुमी हिशेबी माणूस. खोटं बोलायचं न्हाई. दार लागल्यावर नेट जातंय का न्हाई?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मेथी निवडत होत्या. आजवर मी एकही खोटी नोंद केलेली नाही आणि त्या दिवशीही केली नाही.

"जातं," मी म्हटलं. "मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा दार लागलं आणि नेट गेलं."

"मग त्यो दरवाजा तरी कशापायी ठेवायचा?" थोरले मामा म्हणाले. "काढून टाका. थंडीला घोंगडं अडकवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले सुतार आले. बिजागऱ्यांचे स्क्रू वीस वर्षांच्या गंजाने अडकले होते, म्हणून बिजागऱ्याच कापाव्या लागल्या. काढलेलं दार सासूबाईंनी अंगणात चार विटांवर आडवं ठेवून घेतलं, उन्हाळ्यात पापड घालायला. त्याच्या दोन्ही अंगांना कड्या तशाच होत्या. पलीकडे धाकटे मामा मोठ्याने सांगत होते की त्यांच्या रानात अखेर ऊस लागला. थोरल्यांनी तिकडे जाऊन बघितलं. धाकट्यांनी रानाच्या कडेला कुंपण घातलं होतं आणि बाहेरच्या बाजूला एक चौकोन मोकळा सोडला होता.

"ह्यो कशाला सोडला?" थोरल्यांनी विचारलं.

"बांधाला," धाकटे म्हणाले.

सुतारांनी चारशे मागितले, साडेतीनशेला ठरलं. निम्मे निम्मे फोनवरून द्यायचे असं दोघा भावांनी ठरवलं. थोरल्यांचे एकशे पंचाहत्तर गेले. धाकट्यांच्या फोनवर चाक फिरत राहिलं. सुतार खोळंबले म्हणून सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून एकशे पंचाहत्तर रोख दिले. सुतार कोपऱ्यावर पोचले असतील नसतील, तोच धाकट्यांचेही पैसे गेले. दुपारी सुतार जादाचे एकशे पंचाहत्तर परत घेऊन आले आणि सासूबाईंच्या हातात दिले. म्हणजे शेवटी सुतारांना मिळाले साडेतीनशे रुपये. दोघा भावांचे निम्मे निम्मे.